न मारलेली हाक

मैथिली देवस्थळी २००१ साली म्युनिकला पोचली तेव्हा तिच्या नावावर एक इंग्रजी कादंबरी होती, लॉस एंजेलिसमध्ये विकली गेलेली पण कधीच न निघालेली एक पटकथा होती, आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेला राहण्याचा परवाना होता. तिच्या आईच्या मते या तिन्हींतली उपयोगाची गोष्ट शेवटचीच.

आई, म्हणजे प्रभाताई, काही अडाणी नव्हत्या. पुण्यात बी.ए. करून नवऱ्यामागे अमेरिकेत आलेल्या आणि पुढे ओहायोतल्या टोलेडो गावच्या सार्वजनिक वाचनालयात निवृत्त होईपर्यंत नोकरी केलेल्या. पण मुलगी लिहून पोट भरणार हे त्यांच्या गळी कधी उतरलं नाही. किती पुस्तकं लोक हौसेने घरी नेतात आणि किती न उघडता परत आणतात, हे त्यांनी काउंटरमागे बसून रोज पाहिलं होतं.

श्रीधरराव, त्यांचे यजमान, बाटल्या बनवणाऱ्या काचेच्या कारखान्यात यंत्रदुरुस्तीचे इंजिनियर. मैथिली दोन वर्षांची असताना ते टोलेडोला आले. एकुलती एक मुलगी डॉक्टर होईल असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मुलीने इंग्रजी साहित्य घेतलं, ते संपवून लॉस एंजेलिस गाठलं, आणि एका टीव्ही मालिकेच्या लेखकांच्या खोलीत नोकरी धरली. नोकरी म्हणजे आधी सगळ्यांचं जेवण मागवणं, मग लिहिलेलं टाइप करणं, मग हळूहळू एखादं वाक्य सुचवणं. मालिकेत दुकानदार किंवा टॅक्सीवाला भारतीय असला की तिच्याकडे बघायचे. "हा काय म्हणेल?" तिने टोलेडोत टॅक्सीवाला भारतीय कधी पाहिलाच नव्हता. तरी ती सांगायची काहीतरी.

कादंबरी आली १९९७ साली. प्रभाताईंनी ती एका बैठकीत वाचून काढली आणि संध्याकाळी फोन लावला.

"यातली आई नुसती फोनच करत असते का गं?"

"आई, ती चांगली आहे पुस्तकात."

"चांगली आहे. पण फोनच करते."

पुस्तकाचं थोडंफार कौतुक झालं आणि ते संपलं. पुढे टोलेडोच्या मराठी मंडळाच्या गणपतीत सत्यजितची ओळख झाली, लग्न झालं. सत्यजित पुण्याचा, गाड्यांच्या गिअरबॉक्समधला माणूस. त्याला म्युनिकच्या कंपनीने बोलावलं आणि मैथिली पस्तिशीच्या उंबरठ्यावर अशा गावात जाऊन पडली, जिथे तिला पावही नीट मागता येत नव्हता. लिहिणारीची भाषाच काढून घेतली तर उरतं काय, ही चिंता प्रभाताईंनी तेव्हा फोनवर बोलून दाखवली नाही. मनात मात्र धरली.

मैथिली जर्मन शिकली. वैभवी पोटात असताना शिकली, वैभवी मांडीवर असताना शिकली. तेवढ्यात तिकडच्या एका वाहिनीला हिंदी सिनेमे दाखवायची हुक्की आली. जर्मन माणूस पडद्यावरचा परका आवाज खपवून घेत नाही, त्याला सगळं स्वतःच्या भाषेत लागतं. मग नटाचे ओठ जिथे मिटतात तिथेच जर्मन वाक्यातही ओठ मिटतील, असा संवाद बसवावा लागतो. ते काम मैथिलीला मिळालं. गंमत अशी की तिचं हिंदी यथातथाच.

"आई, 'तेरी सौगंध' म्हणजे वास का?"

"वास कसला? शपथ! अगं, तुला हे काम दिलं कुणी?"

"त्यांना वाटतं मला येतं. तू पुढचं सांग, नायिका रडत रडत काय म्हणते ते."

अशी वर्ष-दीड वर्ष टोलेडोहून फोनवर प्रभाताईंनी जर्मनांचे हिंदी सिनेमे सोडवून दिले. त्यातून मैथिलीची ओळख वाढली, एका संध्याकाळच्या मालिकेचे भाग लिहायला मिळाले. पण मालिकेतली माणसं दुसऱ्याची, भांडणं दुसऱ्याची. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतःचा असा एक चित्रपट हवा, एवढंच तिला हवं होतं. ते बोलताना तिचा आवाज बदलायचा. चाळिशी जवळ आली होती. प्रभाताई देवापुढे दिवा लावताना नातीची तब्येत, सत्यजितची नोकरी आणि मैथिलीचा तो एक सिनेमा, या क्रमाने मागणं मागायच्या. २००५ पासून क्रम बदलला आणि सिनेमा वर आला.

त्याच उन्हाळ्यात ती स्टेशनवरची गोष्ट घडली.

श्रीधरराव आणि प्रभाताई तीन महिने म्युनिकला आले होते. मारियेनप्लाट्झच्या जमिनीखालच्या स्टेशनवर चौघं मोठी माणसं आणि लहानगी वैभवी उभी होती. वैभवीला बाथरूमला जायचं होतं, म्हणून सत्यजितने सासऱ्यांना जाता जाता थांबायला सांगितलं आणि तो लेकीला घेऊन वर गेला. मैथिली तिकिटाच्या यंत्राशी झटत होती. गाडी आली. श्रीधरराव नेहमीप्रमाणे चार पावलं पुढे होते. आपली माणसं मागून चढतीलच अशा खात्रीने ते चढले. ती गाडी आपली नव्हती. मैथिली वळली तेव्हा तिला दिसलं ते एवढंच: दारं बंद होतायत, बाबांची पाठ काचेमागे आहे, आणि आई हात अर्धवट वर करून, तोंड मिटून उभी आहे.

गाडी गेली. श्रीधररावांकडे फोन नव्हता. ते एर्डिंग या शेवटच्या स्टेशनपर्यंत गेले, आणि गाडी रिकामी झाली तरी बसून राहिले. गाडी तपासणाऱ्या माणसाने त्यांना उतरवलं आणि त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरच्या नंबरावर सत्यजितला फोन केला. संध्याकाळी घरी आल्यावर ते बव्हेरियातल्या शेतांबद्दल बराच वेळ बोलले, जणू मुद्दाम बघायला गेले होते.

पण मधले ते तास फलाटावर वाईट गेले होते. तेव्हा मैथिली आईवर ओरडली होती.

"तू समोर होतीस! हाक का नाही मारलीस?"

प्रभाताई म्हणाल्या, "मी कधी मारलीय का त्यांना हाक?"

खोटं त्यात काहीच नव्हतं. पस्तीस वर्षं अमेरिकेत राहूनही त्या नवऱ्याला 'अहो'च म्हणत. बँकेत, दवाखान्यात, वाचनालयातल्या मैत्रिणींपाशी त्यांनी 'श्रीधर' हे नाव हजारदा घेतलं होतं. खुद्द श्रीधररावांच्या तोंडावर नाही. मैथिलीने ते वाक्य ऐकलं आणि ती एकदम गप्प झाली. प्रभाताईंना वाटलं, चिडली. ती चिडली नव्हती. तिला गोष्ट सापडली होती.

खरं कारण निराळं होतं आणि ते या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. श्रीधररावांना ऐकू येत नव्हतं. बाटल्यांच्या यंत्रांनी ते नेलं, आधी डाव्या कानाचं, मग बरंचसं उजव्याचं. कारखान्यात एका फोरमनला कानाचं यंत्र लागलं तेव्हा पोरांनी त्याची नक्कल करून त्याला पार हैराण केलं होतं. श्रीधररावांनी ते पाहिलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "कुणाला कळता कामा नये. मैथिलीलाही नाही." पुढे निवृत्ती आली, नक्कल करणारी पोरं राहिली नाहीत, पण हट्ट राहिला. त्यांनी एक युक्ती काढली होती: आपणच बोलत राहायचं. बोलणाऱ्याला ऐकावं लागत नाही. जावई त्यांना अहंकारी समजायचा, कारण ते प्रश्नांना उत्तरं देत नसत. प्रभाताई कायम त्यांच्या उजव्या अंगाला बसत आणि "तो विचारतोय, चहा घेणार का" असं तोंड जवळ नेऊन पुन्हा सांगत. लोक म्हणत, काय बाई, नवऱ्याला किती जपते. तेव्हा हाक मारून काय उपयोग होता? गाडीच्या आवाजात पाठ वळलेल्या माणसाला? प्रभाताईंनी हात वर केला, कारण वळून बघितलं असतं तर हात तरी दिसला असता.

पुढच्या उन्हाळ्यात, गावभर फुटबॉलचे झेंडे लागलेले असताना, ते दोघं पुन्हा आले. तोवर पटकथा तयार होती. मैथिली आधी इंग्रजीत लिहायची आणि मग जर्मनमध्ये करायची. म्युनिकला मुलाकडे आलेलं म्हातारं मराठी जोडपं. स्टेशनवर नवरा हरवतो. बायको त्याला हाक मारू शकत नाही, कारण तिच्या रीतीत नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मग ती एकटी त्याला शोधत शहरभर फिरते. वाहिनीच्या नाट्यविभागाच्या संपादक फ्राऊ लिंडनर या बाईंना गोष्ट फारच आवडली होती. त्यांची एकच सूचना होती, आणि ती मैथिलीने लगेच घातली होती: शेवटी ती बाई फलाटावर उभी राहून मोठ्यांदा नवऱ्याचं नाव घेते, आणि तो वळून बघतो.

मैथिलीने हे सगळं आईला स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. प्रभाताई भेंडी चिरत होत्या.

"कशी वाटली?"

"छान आहे."

"आई, तुझं 'छान आहे' मला कळतं. नीट सांग."

"छान आहे म्हटलं ना. पैसे कधी देणार आहेत?"

"सही झाली की. तुझी एक परवानगी हवीय फक्त. सुरुवातीला येणार, 'एका खऱ्या प्रसंगावरून'. फ्राऊ लिंडनर शुक्रवारी जेवायला येतायत. त्यांना तुला भेटायचंय."

प्रभाताईंनी भेंडी चिरून संपवली आणि मग नसलेली भेंडी शोधत राहिल्या. त्यांना इतक्या वर्षांनी मुलीच्या आवाजात तो सूर ऐकू येत होता, आणि तो एका चुकीवर उभा होता. बोलावं तर मुलीचा सिनेमा जातो. न बोलावं तर टोलेडोपासून पुण्यापर्यंत सगळे म्हणणार, बघा, या बाईने रीत पाळली आणि नवरा हरवला. तेही चाललं असतं. मुलीसाठी आई एवढी बदनामी सोसते. पण तो शेवट? तो वळून बघतो. श्रीधरराव ते पडद्यावर बघणार, आणि काहीच बोलणार नाहीत.

शुक्रवारी फ्राऊ लिंडनर आल्या. उंच, हसऱ्या, हातात फुलं. पुरणपोळी दोनदा मागून घेतली. मग इंग्रजीत म्हणाल्या, "मिसेस देवस्थळी, त्या क्षणी तुमच्या मनात नाव आलं होतं का? इथपर्यंत?" आणि त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला श्रीधरराव सत्यजितला बिअरच्या बाटलीची मान कशी घडवतात ते समजावत होते.

"नाव तर कायमच मनात असतं," प्रभाताई म्हणाल्या.

"गेनाऊ!" फ्राऊ लिंडनर मैथिलीकडे वळल्या. "हेच. हेच मला पडद्यावर हवंय. कैद झालेलं नाव."

मैथिलीचा चेहरा असा उजळला की प्रभाताईंना तो सहन होईना. बाई गेल्यावर त्यांनी मुलीला बाल्कनीत बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"ते 'खऱ्या प्रसंगावरून' घालू नकोस."

"का? आत्ता तर तू..."

"घालायचंच असेल तर मग खरा प्रसंग घाल. बाबांना ऐकू येत नाही, मैथिली. तुझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून येत नाही. हाक मारून मी काय केलं असतं?"

 मैथिलीने काचेतून आत बघितलं. श्रीधरराव अजून बाटली हातात धरून बोलत होते आणि सत्यजित मान हलवत होता.

"वर्षभर मी हे लिहितेय, आई!"

"माहीत आहे."

"मी तुला विचारलं होतं. तिथेच, फलाटावर."

"आणि मी खोटं बोलले नाही."

"खोटं नाही? अगं, तू मला एक अख्खी रीत काढून दिलीस!"

"मी दिली नाही. तू घेतलीस. तुला तीच हवी होती. तुला वाटलं, आई म्हणजे जुन्या वळणाची, तिच्याकडून असंच होणार. तुझ्या त्या फ्राऊसारखंच वाटलं तुला."

हे वाक्य जरा लागेल असं होतं, आणि लागलं. मैथिली आत निघून गेली. प्रभाताई बाल्कनीत उभ्या राहून मनातल्या मनात मुलीचा सिनेमा परत मिळवता येईल का ते बघू लागल्या. मुलीच्या वाटेत आपण दगड टाकला, आणि तोही तिच्या चाळिशीत, हा विचार काही केल्या हलेना.

मैथिलीने महिनाभर पुन्हा लिहिलं. आता गोष्ट एका बाईची होती, जिने नवऱ्याचं बहिरेपण जन्मभर आपल्या अंगावर घेतलं, आणि एके दिवशी एका मोठ्या स्टेशनवर तिची सगळी युक्ती तोकडी पडली. शेवटी कुणी ओरडत नव्हतं. फ्राऊ लिंडनरनी वाचलं, आणि मैथिलीला भेटायला बोलावून प्रामाणिकपणे सांगितलं: हे पहिल्यापेक्षा चांगलं आहे, कितीतरी चांगलं. "पण मग ते भारतीय कशाला हवेत? हे तर माझ्या आईवडिलांचंही असू शकतं." प्रेक्षकांना प्रश्न पडेल, म्हणाल्या. एक तर नावाची रीत परत घाला, नाही तर जोडपं इथलं करा. आल्गॉयचं, डोंगराकडचं, शेतकरी असलं तर उत्तम.

घरी येऊन मैथिलीने हे सांगितलं तेव्हा सत्यजित म्हणाला, "म्हणजे आपली गोष्ट त्यांना द्यायची? फुकट?"

"फुकट कुठे, पैसे देतायत."

"तसं नाही गं म्हणत मी."

"मला कळलं तू काय म्हणतोस ते."

ती आईकडे वळली. "तू सांग, काय करू?" काय लिहावं हे मुलीने प्रभाताईंना आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ती रीत घातलीस तर माणसं आपली दिसतील आणि गोष्ट खोटी होईल. उलट केलंस तर माणसं त्यांची आणि गोष्ट खरी. आता लिहिणारी तू आहेस. मी फक्त फोन करणारी."

मैथिलीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

एक अडचण राहिली होती. श्रीधररावांना सांगायचं कुणी? मैथिलीने इंग्रजी मसुदा त्यांच्या खुर्चीवर ठेवला आणि ती वैभवीला घेऊन बागेत गेली. सांगून ऐकवण्यापेक्षा वाचायला देणंच बरं होतं. श्रीधररावांनी तो वाचला. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. आणि जो माणूस एरवी थांबतच नसे तो गप्प झाला की घर कसं भीषण वाटतं, ते सगळ्यांनी अनुभवलं.  आपण शब्द मोडला, हे प्रभाताईंना नवऱ्याने म्हणून दाखवायचीही गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला श्रीधररावांनी मसुदा टेबलावर आपटला.

"यात चुका आहेत."

मैथिलीने मान वर केली.

"हा म्हातारा सुरुवातीला दाराची घंटा ऐकतो. घंटा सगळ्यांत आधी जाते. बारीक आवाज आधी जातात. बायकांचे, लहान मुलांचे. पुरुषांचे नंतर." ते मैथिलीकडे वळले. "तुझा आवाज मला तू कॉलेजात गेलीस त्याच सुमाराला कमी झाला. मला वाटलं, तू रागावून हळू बोलतेस."

 प्रभाताईंनी त्यांच्या कपात चहा ओतला, तो बशीत सांडला.

"आणि हे बघ," श्रीधरराव पुढे म्हणाले, "गाडी शेवटच्या स्टेशनवर रिकामी झाली तरी तो उठत नाही, ते बरोबर लिहिलंयस. पण कारण चुकलंय. त्याला कळलेलं असतं. उतरला तर कुणीतरी काही विचारेल, म्हणून तो बसून राहतो."

मैथिली पेन आणायला उठली.

चित्रपट २००८ च्या शरदात वाहिनीवर लागला, रात्रीच्या बातम्या संपल्यावर. जोडपं आल्गॉयचं होतं, शेतकरी, म्हातारा नट तिकडे बराच नावाजलेला. पटकथा मैथिली देवस्थळी, असं एक क्षणभर पडद्यावर आलं आणि गेलं. त्यानंतर तिने जर्मन टीव्हीसाठी आणखी तीन चित्रपट लिहिले. त्यांतल्या एकात मराठी दंतवैद्य आहे आणि तो नुसता दंतवैद्य आहे. पुण्याच्या नातेवाइकांनी पहिल्याची सीडी मागवून बघितली आणि कळवलं, छान आहे, पण यात आपलं कोणीच कसं नाही?

प्रक्षेपणाच्या रात्री दोघं म्युनिकलाच होते. जर्मन दोघांनाही येत नव्हतं. प्रभाताईंना निदान आवाजावरून अंदाज लागत होता, श्रीधररावांना तोही नाही. तेव्हा वैभवी आजोबांच्या कानाशी बसली आणि पडद्यावरचं प्रत्येक वाक्य मराठीत करून ओरडून सांगू लागली. "आता ती म्हणतेय, मीठ दे! आता तो काहीच म्हणत नाहीये, आजोबा! आता गाडी आली!" थोड्याच वेळात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काठीने छत ठोकायला सुरुवात केली. मैथिली ओशाळून उठायला लागली.

प्रभाताईंनी नवऱ्याच्या खांद्याला हात लावला आणि चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं, "अहो, खालची बाई ठोकतेय!"

"ठोकू दे," श्रीधरराव पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "वैभवी, पुढे सांग."